सासऱ्यांच्या हाताला येणाऱ्या झिणझिण्या खऱ्या आहेत

रत्नागिरी तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देतो.

«दादा, आमचं घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली, २४ किलोवॉट-तास बॅटरीची. शाळेत जाऊन-येऊन रोज ४५ किलोमीटर होतात. गाडीबरोबर आलेला सुटा चार्जर पडवीतल्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावला तर लाल दिवा लागला. पुस्तकात बघितलं तर अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी नाही, असं त्यातून समजायचं. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडून दहा मिनिटांत काहीतरी केलं आणि हिरवा दिवा लागला. पुढे घरातली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडायला लागली, म्हणून त्याने ती काढून सरळ जोडणी करून दिली. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते, तिथपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड ओढतो. तीन महिने सगळं सुरळीत चाललंय. फक्त सासरे म्हणतात की चार्जिंग चालू असताना गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्हाला कोणालाच तसं जाणवत नाही, त्यामुळे त्यांना भास होतो असं घरात सगळे म्हणतात. शोरूमवाले म्हणतात, ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर घ्या म्हणजे सगळे प्रश्न सुटतील. ह्यांनाही घ्यावासा वाटतो. बिल वाढलंय तेही आहेच. घ्यावा का? आणि डोंबिवलीला माझ्या भावाला सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ देत नाही, त्यालाही दोन शब्द सांगा.»

ताई, तुमच्या सासऱ्यांना भास होत नाहीये. ते शेडमध्ये अनवाणी जात असणार आणि तुम्ही चपला घालून, एवढाच फरक आहे. आज संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावू नका. उद्या सकाळी वायरमनला बोलवा. शक्यतो दुसऱ्या वायरमनला, लायसन असलेल्याला. चार्जर कुठला घ्यायचा हे नंतर बोलू.

तुम्ही पत्रात दोन गोष्टी लिहिल्यात, दहा मिनिटांत लागलेला हिरवा दिवा आणि नंतर पडायला लागलेली आरसीसीबी. तुम्हाला त्या वेगवेगळ्या वाटल्या असतील, पण ती एकच गोष्ट आहे. दहा मिनिटांत कोणी अर्थिंग करत नाही. सड्यावर तर नाहीच, तिथे नुसता खड्डा घ्यायलाच दिवस जातो. दहा मिनिटांत एकच काम होतं. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, स्क्रूवरून वायरचा बोटभर तुकडा अर्थच्या स्क्रूवर टाकायचा. चार्जर शोधत असतो की आपल्या अर्थच्या पिनेला जमिनीकडे जायची वाट आहे का. त्याला न्यूट्रलची वाट सापडते, त्याचं समाधान होतं आणि हिरवा दिवा लागतो. पण तुमच्या घराला अर्थ मिळालेला नसतो.

आता आरसीसीबी. तिचं काम सोपं आहे. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती मोजत राहते. ०.०३ अँपिअरचा फरक दिसला की ती पडते, कारण तेवढा करंट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडल्यावर परत येणाऱ्या करंटचा थोडा भाग तुमच्या जुन्या, कमकुवत अर्थच्या वाटेने जमिनीत जायला लागला. आरसीसीबीने तो पकडला आणि ती पडली. ती तिचं काम चोख करत होती, आणि त्याच कारणाने तिला काढून टाकलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण घरातलं शेवटचं राखण करणारं माणूसच बाहेर काढल्यासारखं झालं.

आणि ती पडत होती यावरून मला आणखी एक कळतं. तुमच्या घरातली अर्थची वायर त्या सॉकेटपर्यंत जोडलेली आहे. ती वायर घरभर एकच असते. म्हणजे आज फक्त गाडीचा पत्रा नाही, तर फ्रिजचं दार, वॉशिंग मशीन, गीझरचा नळ, पंपाच्या स्टार्टरची पेटी हे सगळं न्यूट्रलला बांधलेलं आहे. म्हणून नुसती चार्जरची पिन काढून भागणार नाही. तो तुकडा काढायलाच हवा.

न्यूट्रलला हात लागला तर शॉक बसत नाही, मग बिघडलं कुठे, असं तुमचा वायरमन म्हणेल. चांगल्या दिवशी त्याचं खरं असतं. तुमच्याकडे वीज डीपीपासून खांबाखांबावरून येते. लाइन लांब असली आणि संध्याकाळी सगळ्या वाडीचा लोड असला की न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत काही व्होल्ट उरतात. कधी दहा, कधी त्याहून जास्त. ओल्या कोब्यावर अनवाणी माणसाला ते झिणझिण्या म्हणून कळतं. वाईट दिवस वेगळा असतो. वाऱ्यात माडाचं झाप तारेवर पडतं, सर्व्हिस वायरमधली फक्त न्यूट्रल तुटते, फेज शाबूत राहते. घरात अंधार होतो, सगळ्यांना वाटतं लाइट गेली. पण फेज फ्रिजमधून, पंख्यातून, बल्बमधून होत घरातल्या न्यूट्रलवर येऊन थांबलेली असते, आणि न्यूट्रलला बांधलेल्या प्रत्येक पत्र्यावर २३० व्होल्ट उभे असतात. अंधारात कोणीतरी टॉर्च घेऊन गाडी बघायला जातं.

दुसरी शक्यता याहून सरळ आहे. जून २०२० मधलं निसर्ग वादळ आणि मे २०२१ मधलं तौक्ते तुम्ही पाहिलंयत. अशा वादळानंतर शेकडो घरांच्या तारा घाईत, पावसात, रात्री जोडल्या जातात. खांबावर दोन तारांची अदलाबदल एकदा जरी झाली तरी तुमची न्यूट्रल ही फेज होते. दिवे लागतात, पंखे फिरतात, काही कळत नाही. आणि गाडीचा पत्रा थेट फेजवर असतो.

मी हे भीती घालायला लिहीत नाही. मी वायरमनच्या हाताखाली लागलो त्या वर्षी माझ्या मामाच्या गोठ्यात पाण्याच्या मोटरला असाच तुकडा टाकलेला होता. अर्थ करायला कातळ फोडावा लागला असता, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात करू असं ठरलं होतं. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात न्यूट्रल तुटली. सकाळी म्हैस दाव्याच्या साखळीसकट आडवी पडलेली होती. मामी धार काढायला जायची पाच वाजता, त्या दिवशी तिला उठायला उशीर झाला होता. मामांनी मला तो वायरचा तुकडा दाखवला तो मला अजून दिसतो. काळ्या वायरचा, दोन्ही टोकं नीट सोलून वळवलेली, अगदी स्वच्छ काम. तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की आधी सॉकेट उघडून मागे बघतो.

तर उद्या वायरमन आला की तुमच्यासमोर त्याने चार्जिंगचं सॉकेट उघडावं. तुम्ही शेजारी उभं राहून बघा. मेन स्विच बंद हवा. तुकडा काढल्यावर आरसीसीबी परत जागेवर बसवायची. त्यानंतर चार्जरवर पुन्हा लाल दिवा लागेल आणि तो लागायलाच हवा. अर्थिंगचं काम होईपर्यंत रत्नागिरीत सार्वजनिक चार्जरवर गाडी भरा. तुमच्या अंतराला दर तिसऱ्या दिवशी एकदा जावं लागेल. गैरसोय आहे, पण थोड्याच दिवसांची.

सड्यावरचं अर्थिंग हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे. देशावर काळ्या मातीत खड्डा घेतला, जीआय पाइप (जस्त चढवलेला लोखंडी) उभा केला, भोवती मीठ-कोळसा भरला की काम होतं. जांभा कातळ वीज वाहून नेत नाही. पावसाळ्यात त्याच्या भोकांत पाणी असतं तेव्हा थोडं बरं, आणि वैशाखात तो कोरडा ठणठणीत. माझ्या हिशेबाने सड्यावर उभा केलेला तीन मीटरचा पाइप दोनशे-तीनशे ओहमसुद्धा दाखवू शकतो. ओहम म्हणजे करंटच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. आम्ही ज्या पाच ओहमच्या गोष्टी करतो त्याच्या हे आसपासही नाही.

हे ओहमचं गणित समजून घ्या, म्हणजे कोणी तुम्हाला फसवू शकणार नाही. समजा अर्थ १०० ओहमचा आहे आणि गाडीच्या वायरिंगमधली फेज पत्र्याला टेकली. २३० ला १०० ने भागा, २.३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. तुमची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, समजा १६ अँपिअरची आहे. तिच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. ती पडणार नाही, आणि पत्रा तासन् तास जिवंत राहील. अर्थ आहे, एमसीबी आहे, तरी माणूस सुरक्षित नाही. आता तिथेच ०.०३ अँपिअरची आरसीसीबी असेल तर २.३ अँपिअर तिच्यासाठी प्रचंड आहेत, ती क्षणात पडते. म्हणून कोकणातल्या घरात मी आरसीसीबीला सगळ्यात वरचं स्थान देतो. जिथे जमीन साथ देत नाही तिथे तीच आधार असते. पण तिलाही करंट जमिनीत जायला काहीतरी वाट लागते, आणि चार्जरलाही बऱ्यापैकी अर्थ लागतो, म्हणून खड्ड्याचं काम टाळता येत नाही.

खड्डा घराला चिकटून घ्यायचा हट्ट नको. घराभोवती सगळ्यात ओली जागा कुठली ते सासऱ्यांना विचारा. ते एका मिनिटात सांगतील. विहिरीजवळ, न्हाणीचं पाणी जातं तिथे, आगरात माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्याजवळ जिथे हातभर तरी माती आहे अशी जागा. तिथे एकाऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड, म्हणजे अर्थचे पाइप, घाला. एकमेकांपासून लांब, म्हणजे इलेक्ट्रोडची जेवढी लांबी त्याच्या दुपटीइतकं अंतर, नाहीतर दोन घालून एकाचाच उपयोग होतो. ते जीआय पट्टीने जोडा आणि ती पट्टी मातीतून घरापर्यंत आणा. मातीत गाडलेली पट्टी स्वतःही अर्थचं काम करते. भोवती मिठाऐवजी बेंटोनाइटची पूड भरलेली मला जास्त पसंत आहे. ती ओल धरून ठेवते आणि मिठासारखी लोखंड खात नाही. पट्टीचे जोड नटबोल्टने घट्ट आणि वरून डांबर लावलेले हवेत. खाऱ्या हवेत उघडा जोड दोन पावसाळे टिकत नाही. आगरात काम करणाऱ्यांना पट्टी कुठून गेलीय ते दाखवून ठेवा, नाहीतर आळं करताना पहारीने तुटेल.

मग मोजायचं. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं, दोन खिळे जमिनीत लांब लांब रोवून मोजतात. ज्या कंत्राटदाराकडे ते नाही त्याला काम देऊ नका. बरेच जण फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवतात आणि म्हणतात, बघा लागला, अर्थ आहे. २०० ओहमच्या अर्थवरही तो बल्ब लागतो, जरासा मंद, पण लागतो, आणि तेवढा वेळ तुमच्या घरातल्या अर्थच्या वायरवर साठेक व्होल्ट आलेले असतात. ही परीक्षा करू देऊ नका. आणि आकडा मे महिन्यात पुन्हा घ्या. जुलैत मोजलेला अर्थ कोणाचाही चांगलाच येतो.

आरसीसीबी नवी घेताना तिच्या तोंडावर छापलेलं चित्र बघा. एका चौकटीत नुसती एक नागमोडी लाट असेल तर ती एसी प्रकारची, जुन्या घरांत असते ती. लाटेखाली आणखी उंचवट्यांची ओळ असेल तर ती ए प्रकारची. तुम्हाला ए प्रकारची हवी. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे कधीकधी डीसी करंट गळतो, आणि त्याने एसी प्रकारची आरसीसीबी आंधळी होते, खरी वेळ आली तरी पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय आहे का तेही त्याच्या पुस्तकात बघून घ्या. ती असेल तर ए प्रकार पुरतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं. अर्थ चांगला आहे की नाही हे त्याला कळत नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड आजपासून बंद. तुमचा चार्जर ३.३ किलोवॉटचा असणार, म्हणजे सलग १४-१५ अँपिअर, तेही काही तास. इस्त्री किंवा गीझर इतका वेळ अखंड चालत नाही, म्हणून तेच सॉकेट गीझरला वर्षानुवर्षं टिकतं आणि गाडीला सहा महिन्यांत जळतं. चार्जिंग संपल्याबरोबर पिनेच्या प्लास्टिकच्या पाठीला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, किंवा सॉकेटची भोकं तपकिरी झाली असतील, तर आतल्या पट्ट्या सैल झाल्यात. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी करून ठेवत असाल तर ती गुंडाळीच्या आत तापते, हेही लक्षात ठेवा.

मेन बोर्डपासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा, मध्ये कुठेही दुसरा पॉइंट न काढता. तांब्याची वायर, तीस-चाळीस मीटर अंतराला किमान ४ चौरस मिलिमीटरची. मी तुमच्या जागी असतो तर ६ ची टाकली असती. वायर बदलायची म्हणजे पुन्हा खणणं आलं, आणि फरक फक्त तांब्याचा आहे. जमिनीखालून जाड पाइपातून न्या. सुरुवातीला दोन पोलची २० अँपिअरची एमसीबी, पुढे ए प्रकारची आरसीसीबी, शेजारी विजेच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर. शेडमध्ये चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट, झाकणाच्या पाणीबंद पेटीत, छातीइतक्या उंचीवर. आणि सॉकेटच्या शेजारी एक साधा हूक ठोका. सुट्या चार्जरची ती जड डबी लोक पिनेवरच लोंबकळत सोडतात. तिच्या वजनाने पिन खाली ओढली जाते, सॉकेटच्या पट्ट्या सैल होतात आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. डबी हुकावर अडकवा. गाडीत खुपसायची गन टोपी लावून वरच टांगा, जमिनीवर टाकू नका. मृगाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पिन काढून ठेवायची. ती सवयच लावून घ्या.

आता भिंतीवरचा चार्जर. त्याला चार्जर म्हणतात खरं, पण बॅटरी भरणारा चार्जर गाडीच्या आतच असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे गाडीशी बोलून वीज सुरू-बंद करणारा हुशार स्विच. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर बाहेर ७.२ ची पेटी लावा की २२ ची, गाडी ३.३ नेच भरणार. गाडीच्या कागदांवर हा आकडा असतो, तो बघा.

आणि तो ७.२ असला तरी तुम्हाला त्याची गरज नाही. लहान गाडी युनिटला सातेक किलोमीटर जाते. ४५ किलोमीटरला साडेसहा युनिट, वाटेतली गळती धरून सात. ३.३ किलोवॉटने ते दोन-सव्वादोन तासांत भरतात. गाडी रात्रभर शेडमध्येच उभी आहे. कोल्हापूरला जायचं असेल तेव्हा आदल्या रात्री पूर्ण भरा. आंब्याच्या घाटात सहाशे मीटरचा चढ धरला तर त्याचे दोनेक युनिट जास्तीचे जातात, उतरताना त्यातले काही परत मिळतात. ७.२ साठी ३२ अँपिअर लागतात. घरातला पंप, गीझर, मिक्सर त्यावर आला की सिंगल फेज पुरत नाही, थ्री फेज घ्यावं लागतं, आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त. पेटीने अर्थिंगचा प्रश्नही सुटत नाही. चांगली पेटी खराब अर्थवर चालूच होणार नाही, आणि मग कोणीतरी पुन्हा तोच तुकडा टाकेल. म्हणून तुमच्या ह्यांना सांगा, त्या पेटीचे पैसे आगरातल्या खड्ड्यांत आणि तांब्यात घाला.

एक काम मात्र महावितरणकडे करा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, जुन्या घरांना बहुधा एक-दोन किलोवॉटच असतो. चार्जरचे ३.३ त्यात बसत नाहीत. भार वाढवून घ्या. लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट त्याला जोडता येईल, आणि त्या निमित्ताने काम कागदावर येईल.

बिल वाढणारच होतं. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर गाडीचे १७५ युनिट. घरचे दीडशे असतील तर बेरीज तीनशेच्या पुढे जाते. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, म्हणून शेवटचे काही युनिट महागड्या टप्प्यात पडले. तरी एकदा हिशेब मांडून बघा. लिटरला सोळा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला हेच अंतर कापायला महिन्याला सत्तर लिटर पेट्रोल लागलं असतं. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी भरली तर घरगुतीच दर लागतो, व्यापारी दराची भीती बाळगू नका. छपरावर ऊन चांगलं असेल तर सौरचा विचार जरूर करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि वर्षाची सरासरी काढली तर तेवढे पॅनेल दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात, म्हणजे घर आणि गाडी दोन्ही. दिवसा गाडी शाळेत असली तरी नेट मीटरमुळे (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं मीटर) हिशेब जुळतो. सौरलाही अर्थिंग लागतंच, तेव्हा खड्डे घेतानाच ते डोक्यात ठेवा.

डोंबिवलीच्या भावाला एवढंच सांगा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्क मिळाला. पण कमिटीच्या बैठकीत नियमाचा कागद आधी काढू नका, आराखडा आधी काढा. वायर मीटर रूममधून कुठून जाणार, मीटर कोणाच्या नावावर, एमसीबी-आरसीसीबी कुठली, लायसनवाला कंत्राटदार कोण, हे एका पानावर लिहून द्या. लोकांना आगीची भीती वाटते आणि ती खोटी नाही, लटकत्या वायरींमुळे आगी लागतात. पान बघितल्यावर बरेच जण शांत होतात. जिन्यातल्या कॉमन लाइटवरून वीज घेऊ नका, त्यावरून आयुष्यभराची भांडणं होतात. आणि एकट्याचं न मागता इमारतीत पुढे दहा गाड्या येतील त्यांचाही भार त्या पानावर मांडा, तर सेक्रेटरी स्वतःहून पुढे येतील. तरीही अडले तर नियमाचा कागद आणि लेखी अर्ज, आणि मग उपनिबंधकांचं कार्यालय.

ताई, काम झालं की तीन गोष्टी मला कळवा: इलेक्ट्रोड कुठे घातले, टेस्टरवर किती ओहम आले आणि मोजलं त्या दिवशी पाऊस होता का. आणि काढलेला वायरचा तुकडा कचऱ्यात टाकण्याआधी सासऱ्यांना दाखवा.